दुसऱ्या मशीनवर चालंल काय?

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला मी न विचारता पुष्कळ काही सांगत असतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. धैर्य म्हणाल तर ते एवढंच.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा वाईचा, बऱ्यापैकी वाचणारा, आणि पलूसकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात कारकून. मोठेपणाचा देखावा दिसला की मला हसू यायचं, आणि देखाव्याला तिथे तोटा नव्हता. कारखान्यानं एका परदेशी कंपनीचा कॉम्प्युटर भाड्यानं घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या खोलीत तालुक्यातला पहिला एअरकंडिशनर बसला. यंत्र यायच्या आधीच संचालक दुपारची डुलकी काढायला तिथे येऊ लागले — चपला बाहेर काढून. काही जण देवळातसुद्धा इतक्या भक्तीनं जात नसत.

मी हे मित्रांना रंगवून सांगायचो. एक मात्र गाळायचो — त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, आणि ती मी शर्टाच्या खिशातून जराशी बाहेर दिसेल अशी ठेवायचो.

कंपनीनं मला प्रशिक्षणाला मुंबईला नेलं होतं. गेलो कारकून, परतलो तो ‘साहेब’. तिथे शिकवणाऱ्या इंजिनियरला मी शेवटी विचारलं होतं — आमच्या नोंदी उद्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेता येतील का? तो हसला. म्हणाला, आमच्या टेपवरची मांडणी आमच्याच मूळ प्रोग्रामला कळते, तो प्रोग्राम आमच्याच यंत्रावर चालतो, आणि दोन्ही तुम्हाला विकलेली नाहीत, वापरायला दिलीत. हे लग्न आहे, काडीमोडाची सोय नाही. मीही हसलो. मला ते कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. चांगलं कळलं होतं.

आता त्या टेपवर काय जाणार होतं, ते सांगायला हवं. लागणीच्या तारखा. ज्याची ऊसलागण आधी, त्याची तोड आधी — आमच्या भागात माणसं यावरून भांडतात, सोयरिकी मोडतात. त्या तारखा गावोगावच्या गट ऑफिसात हातानं रजिस्टरात लिहिल्या जात. ती रजिस्टरं बंद करून सगळं टेपवर न्यायचं, असा ठराव आला. शेतकी समितीचे अध्यक्ष होते एक निवृत्त सुभेदार. बोलणं कमी, मिशा भरपूर. त्यांनी मला बैठकीत उभं केलं.

“साहेब, उद्या ही कंपनी उठून गेली, तर ह्यो टेप दुसऱ्या मशीनवर चालंल काय? आमच्याकडं फ्रंटवर ह्या वायरलेसची बॅटरी त्याला बसायची न्हाई. लय हाल झालं. म्हणून इचारतो. न्हाईतर वरीसभर हातानं बी लिवू द्या की.”

तोच प्रश्न. जवळजवळ त्याच शब्दांत.

मी काय म्हणायला हवं होतं? ‘नाही चालणार.’ दोनच शब्द. पण मग ठराव पुढे ढकलला गेला असता, यंत्र कदाचित आलंच नसतं, आणि मी — किल्लीवाला मी — पुन्हा हिशेब खात्यातल्या खिडकीपाशी. म्हणून मी म्हणालो, “सुभेदार, गाण्याची तबकडी काय एकाच ग्रामोफोनवर वाजते? सांगलीत घेतली तरी साताऱ्यात वाजते ना?”

सगळे हसले. कोणी तरी म्हणालं, “सुभेदार, आता लढाई संपली की वो!” सुभेदार पण हसले. मान हलवली, आणि सही केली.

पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. दोन हंगाम उत्तम गेले. गटावरून आलेल्या चिठ्ठ्या कार्डांवर पंच करायच्या, टेपवर चढवायच्या, आणि चिठ्ठ्या-कार्डं रद्दीत. मग कंपनीनं देशातून काढता पाय घेतला. यंत्र बिघडलं ते दुरुस्त करायला कोणी आलं नाही, ते उचलून न्यायला मात्र वेळेवर आले. टेप आमच्याकडे सोडले — तुमच्या मालकीचे आहेत, म्हणाले. त्या सालच्या लागणीची छापील यादी अजून काढायची होती. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, त्यानं एक रीळ हातात फिरवून पाहिलं, आणि चहा पिऊन गेला.

दिवाळी झाली, कारखान्याचा बॉयलर पेटला, गाळप सुरू झालं. तारखा तोंडी विचाराव्या लागल्या. ज्याचा आवाज मोठा, त्याची लागण आधीची ठरली. बाकीच्यांचे उभे ऊस तुऱ्यावर आले, वाळले.

सर्वसाधारण सभेत कोणी तरी ओरडलं — हातची रजिस्टरं बंद कुणी केली? चेअरमननी सुभेदारांकडे पाहिलं. ते उठले. “सही माझी हाय,” म्हणाले. एवढंच. माझं नाव नाही, तबकडी नाही. खालून आवाज आले — ‘मिलिटरीचं डोकं!’, ‘बंदूक चालवा, कारखाना नगं!’ मी स्टेजवर माईकपाशी होतो. पुढे होऊन एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मी खाली वाकून माईकची वायर नीट करत राहिलो. ती नीटच होती.

त्यांनी राजीनामा दिला. माझी नोकरी राहिली, पगारवाढही झाली.

एकदा सांगलीच्या स्टँडवर ते भेटले. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर — कोण जाणे, कदाचित कबूल केलं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“साहेब, तुमी त्या दिवशी बराबरच सांगितलं असणार. माझ्याच डोक्यात नीट शिरलं न्हाई. आमच्यापाई तुमाला बी तरास झाला.”

विट्याची गाडी लागली होती. माणसं धक्के देत चढत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो, “होतं असं, सुभेदार. मनाला लावून घेऊ नका.”