आज गाठ नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही, आणि ज्या मुलापायी हे सगळं झालं असं मी स्वतःला बजावत आले, त्याला तर नाहीच नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. आली, पुष्कळदा आली — दर वेळी मीच दुसरं काहीतरी बोलत राहिले. बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत. गल्लीत कुणाचं भांडण जुंपलं की ते सोडवायला मला बोलावणं यायचं. बघा, आताही मी गल्लीचं सांगायला लागले.

आधी दुखण्याचं सांगते. ते सांगणं सोपं आहे.

बहात्तरचा दुष्काळ. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं घर — पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याचं शेड, त्यात चादरींचे विजेवर चालणारे चार माग. माग चालू झाले की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. त्या थंडीत माझा पहिला मुलगा जन्मला, तो अगदीच किरकोळ. तोंडात धरायचा, दोन घोट घ्यायचा आणि झोपून जायचा. मला मात्र दूध भरपूर. विहिरी आटल्या पण आमच्या सुनेचा पान्हा आटला नाही, असं आत्याबाई — माझ्या सासूबाई — आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या. मूल ओढत नाही आणि दूध थांबत नाही, मग व्हायचं तेच झालं. डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला गाठ धरली.

ज्या बाईला हे झालं नसेल तिला कसं सांगू? लिंबाएवढी गाठ, दगडासारखी. वरची कातडी लालबुंद. पोलक्याचा काठ लागला तरी जीव जायचा, हात वर होईना, वेणीसुद्धा आत्याबाईच घालून द्यायच्या. मग हुडहुडी भरून ताप. एरंडाचं पान शेकून बांधलं, कणकेचं पोटीस बांधलं. लाकडी फणी गरम पाण्यात बुडवून गाठीवरून खाली ओढायची — आत्याबाई ओढायच्या आणि मी पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. कधी त्याने मोकळं व्हायचं. घट्ट, पिवळट दूध धाग्यासारखं बाहेर यायचं आणि मी घामाने भिजून आडवी व्हायची. आता सुटले म्हणावं, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तीच बाजू, तीच जागा.

दुखणं इतकं रंगवून का सांगतेय? तुम्ही माझ्या बाजूने व्हावं म्हणून. दुसरं काय?

सुईण एकदा बघून म्हणाली, "ह्या लेकराच्या अंगात जोर न्हाय. दुसरं जोरात वडणारं लेकरू लावा की. लगी मोकळं हुतंय." आत्याबाईंनी तिला पुढे बोलू दिलं नाही. परकं मूल लावलं तर त्याच्या मागे दूध जातं, पोटच्या पोराचा वाटा जातो, अशी त्यांची पक्की समजूत. पिळून काढलेलं दूधसुद्धा त्या स्वतः तुळशीच्या मुळाशी ओतायच्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून. "माज्या नातवाचं दूद हाय त्ये," त्या म्हणाल्या आणि विषय मिटला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. कारण जोरात ओढणारं लेकरू आमच्याच शेडात होतं.

कौसल्या आमच्याकडे कांड्या भरायला यायची. मागाच्या धोट्यात सूत गुंडाळलेली नळी बसते, ती कांडी. कौसल्या मंद्रूपकडची. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला, आणि ही लेकीला घेऊन सोलापुरात मावशीकडे आलेली. बौद्ध होती. आमच्याकडे तिचा कप वेगळा, बाहेरच्या देवळीत उपडा घातलेला. चहा वरून ओतायचा. मीही वरूनच ओतायची, त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मनातही आलं नाही. तिची लेक रंजना शेडाच्या कोपऱ्यात लुगड्याच्या झोळीत असायची. माझ्या मुलापेक्षा थोडीच मोठी. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर आणि सुकडीवर जगणाऱ्या बाईला दूध ते किती येणार? पोर रडायची, मागांच्या आवाजात कुणाला ऐकू यायचं नाही. पण तोंडाजवळ बोट नेलं तर असं ओढायची की बोट सुटायचं नाही. हे मला कसं ठाऊक? मी नेऊन पाहिलं होतं.

आत्याबाई अकलूजला लेकीकडे गेल्या तेव्हा पुन्हा गाठ धरली. अंगात ताप. मी कौसल्याला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, रंजीला आण. ती उंबऱ्यातच थबकली. "वैनी, आत्याबाईस्नी कळलं तर?" म्हणाली. मी म्हटलं, "कोन सांगनार हाय त्यास्नी? मी हाय न्हवं?" आणि कडी लावून घेतली. मी लावली.

पोरीने धरलं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि मग — मग आतून काहीतरी सुटलं. गाठ हाताखाली विरघळत गेली. मी रडायला लागले, दुखलं म्हणून नाही, थांबलं म्हणून. रंजी गटागटा पीत होती, मुठी आवळून, घामेजून. कौसल्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला माझी लाज वाटली की स्वतःची, मला माहीत नाही. जाताना ती माझ्या पाया पडली. माझं काम तिच्या लेकीने केलं, आणि पाया पडली ती.

त्यानंतर हे चालूच राहिलं. आत्याबाई दुपारच्या भजनाला गेल्या आणि गाठ असली, की कडी. तिचा कप वेगळा आणि तिच्या लेकीचं तोंड माझ्या अंगाला, हा विचार माझ्या मनात यायचा, नाही असं नाही. आला की मी तो झटकून टाकायची. रंजीच्या गालांना बाळसं धरायला लागलं. मांड्यांना वळ्या पडल्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू — एखाद्या दानशूर बाईसारखं बरं वाटायचं.

मग एका दुपारी कौसल्या न बोलावता आली. रंजी कडेवर, मलूल. दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, आज जरा घेता का हिला? कालपास्नं माझं काय येतच न्हाय." माझा मुलगा झोपला होता. छाती भरलेली होती, पोलकं ओलं होतं, ते तिला दिसत होतं.

मी म्हटलं, "आज गाठ न्हाय."

एवढंच. रागाने म्हटलं नाही. भाजीवाली दारात आली आणि घरात भाजी असली की सांगतो ना, तसं म्हटलं. ती "व्हय" म्हणाली आणि गेली. मी उठून मोरीवर दूध पिळलं, वाटी तुळशीत ओतली.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. मलाही पुष्कळ वर्षं वाटायचं की एवढंच सांगून थांबावं. एवढं सांगितलं तरी ऐकणारा म्हणेल, अगं, तेव्हा तू केवढीशी होतीस! पण एवढंच नाही.

उन्हाळा चढला. पुन्हा गाठ, पुन्हा ताप. आत्याबाई भजनाला. मी कौसल्याला हाक मारली — तुळशीची वाटी तिने पाहिली होती की नाही कोण जाणे, पण ती आली. मी कडी लावली. रंजीने धरलं, आणि वीज गेली. चारही माग एकदम थांबले. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत पोरीचे घोट ऐकू येत होते. आत्याबाई त्या दिवशी लवकर परतल्या होत्या. त्या दाराशी उभ्या होत्या.

दार मी उघडलं नाही, कौसल्याने उघडलं. मी उठायच्या आत आत्याबाई बाहेरून कडी वाजवायला लागल्या, म्हणून. त्यांनी मला पाहिलं, पोलकं उघडं. रंजीला पाहिलं, हनुवटीवर दूध. मागे मागवाले दोघं येऊन उभे राहिलेले. आत्याबाईंनी मला विचारलं, "काय गं ह्ये?"

खरं बोलायला किती वेळ लागला असता? 'आत्याबाई, मीच बोलावलं.' इतकंच तर होतं. फार तर माहेरी पाठवलं असतं. फार तर वर्षभर माझ्याशी कुणी धड बोललं नसतं. नातवाच्या आईला कोण किती दिवस घराबाहेर ठेवणार होतं?

मी म्हटलं, "मला सुद न्हवती. तापात व्हते. हिनंच लावली पोरगी."

"आन् कडी?"

"हिनंच."

कौसल्या माझ्याकडे बघत राहिली. "वैनी," म्हणाली, "सांगा की." एकदाच म्हणाली. मी मुलाला पाळण्यातून उचललं आणि थोपटायला लागले. तो झोपलेलाच होता.

पुढचं आत्याबाईंनी केलं. झोळीचं लुगडं फाडून बाहेर फेकलं. शेडात, खोलीत गोमूत्र शिंपडलं. माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. कौसल्याने लुगडं गोळा केलं, रंजीला त्यात गुंडाळलं आणि भर उन्हात ती गेली. देवळीतला कप फुटला तेव्हा ती कोपऱ्यावर पोचली असेल.

बातमीला गल्ली ओलांडायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत पेठभर झालं — लेकुरवाळ्या बायकांचं दूध चोरणारी बाई. ज्या ज्या घरी माग होते त्या त्या घरी एखादी सून बाळंतीण होतीच. कौसल्याला कुणी कामावर घेईना. मावशीनेही ठेवून घेतलं नाही. ती मंद्रूपला गेली, हे मागवाल्यांच्या बोलण्यातून कळलं. आणि बायका मला बघायला यायच्या. नारळ, खडीसाखर घेऊन यायच्या. "किती सोसलंस गं," म्हणायच्या. मी मान खाली घालायची. मान खाली घालणं मला छान जमत होतं.

गाठ पुन्हा आली, ते ओघाने आलंच. आता ओढणारं कुणी नव्हतं. ती पिकली. दवाखान्यात नेऊन चिरा द्यावा लागला, त्याचा व्रण अजून आहे. हे शिक्षा म्हणून सांगत नाही. मला डॉक्टर मिळाले, औषध मिळालं, उशाशी मोसंबी होती. याला शिक्षा म्हणायची मला लाज वाटते.

आषाढ लागायच्या आत एक दिवस मागवाला आत्याबाईंना सांगत होता. त्याचं सासर मंद्रूपचं. "ती कांड्यावाली व्हती बगा, तिची पोरगी गेली की. जुलाब लागले म्हनं. अंगात कायच न्हवतं." मी आतल्या खोलीत मुलाला पाजत बसले होते. उजवी बाजू संपत आली होती. मी त्याला डावीकडे घेतलं आणि पाजत राहिले. तो आता चांगलं ओढायला लागला होता.

त्या साली पुष्कळ लेकरं गेली. हे वाक्य मला पाठ आहे. दुष्काळ होता, पाणी खराब होतं, कुणाकुणाची गेली, मी काय केलं? या वाक्याआड मी किती वर्षं बसले. पण तिच्या मांड्यांना पडलेल्या वळ्या मी पाहिल्या होत्या. कशाने पडल्या ते मला माहीत होतं. मंद्रूप काही लांब नाही. सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस घरी परत येतं. मी एकदाही गेले नाही.

आत्याबाई खूप वर्षांनी गेल्या. शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या, माझ्या हातून पेज घ्यायच्या. एका दुपारी मी चमचा पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, तरी सोडेनात.

"त्या कौसल्याची पोरगी," म्हणाल्या. "माज्यापायी गेली गं ती. म्या हाकललं तिला." आणि मग, "तुला खरंच सुद न्हवती न्हवं?"

इतकी वर्षं त्या हे मनात धरून होत्या, आणि मला पत्ता नव्हता. त्या मला दोष देत नव्हत्या. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती. आता कसली भीती होती मला? त्या मला कुठे पाठवणार होत्या? नवरा बाहेर, मुलगा कामावर, घरात आम्ही दोघीच. मी खरं सांगितलं असतं तर त्या म्हातारीच्या जिवाला सुटका मिळाली असती.

"न्हवती, आत्याबाई," मी म्हटलं. "पेज घ्या, निवतीय."

त्यांनी मनगट सोडलं आणि तोंड उघडलं. त्यानंतरही त्या रंजीचं नाव घ्यायच्या, माफी मागायच्या, कुणाची ते माझ्याशिवाय घरात कुणाला कळायचं नाही. मी पांघरूण सारखं करायची. त्या गेल्या तेव्हा ते पाप स्वतःचं समजून गेल्या. माझं होतं ते त्यांनी नेलं, आणि मी नेऊ दिलं.