गुंजीच्या माउलीला दोन प्रश्न

आक्काला मास्तरणीच्या ट्रेनिंगला बेळगावला जायचं होतं आणि आप्पांना ते मुळीच नको होतं. नवरा वारल्यापासून ती निपाणीला आमच्याकडेच असते. रोजच्या वादाला कंटाळून शेवटी आप्पा म्हणाले, "गुंजीच्या माउलीचा कौल घ्या. उजवा दिला तर जा म्हणावं." नाव घालायला चारच दिवस उरले होते. देवी पाकळ्यांतून बोलते म्हणजे नेमकं काय करते, हे मला कधीचं बघायचं होतं. सोबतीला मीच निघालो.

निपाणीहून सर्व्हिस मोटार सकाळी सुटते म्हणतात. खरं तर ती भरल्यावर सुटते. पुढची जागा धरा, मागं बसलात तर धूळ खाल. संकेश्वरला ड्रायव्हर चहाला उतरला तो एकाशी यथेच्छ भांडूनच परतला, तेवढ्यात आमची भजी खाऊन झाली. बेळगावला आक्काच्या मैत्रिणीकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी आगगाडी धरली. खानापूर मागं पडलं की मोकळी रानं संपतात आणि दाट झाडी लागते. गुंजीला आम्ही दोघंच उतरलो. तिथं खाणावळ वगैरे काही नाही, भाकरी बांधून न्या.

गुरव म्हातारा आणि बोलका. त्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मी आप्पांचा प्रश्न विचारला. "आक्कानं शिकायला जावं का?"

वारा कुठून येतो, यावरच माझं लक्ष. वारा नव्हताच. जरा वेळानं डावी पाकळी सुटली.

खरं सांगतो, तोवर मला सगळी गंमतच वाटत होती. आक्का मात्र जागची हलली नाही.

"मामा, माजा बी एक प्रश्न हाय. चालंल?" तिनं गुरवाला विचारलं.

"आईपुढं लेकीला कोण आडवतंय?" त्यानं नव्या पाकळ्या लावल्या.

"आई, मग मी जन्मभर घरात बसू?"

या खेपेला लई वेळ गेला. पुन्हा डावीच पडली.

गुरवानं डोकं खाजवलं. "दोनीला न्हाय म्हणती. आसं म्या कवा बगितलं न्हाय."

मी तिसरा प्रश्न विचारायला पुढं झालो, तर आक्कानं माझा हात धरला. "पुरे रं. किती तरास द्यायचा तिला?"

बेळगावला उतरल्यावर मी मोटारीकडं वळलो आणि ती मैत्रिणीच्या घराकडं. "मी उद्या नाव घालणार हाय. तू जा," म्हणाली. मी तिला अडवायला हवं होतं. अडवलं नाही, उलट बरंच वाटलं.

पाकळी का पडते, हे मला निपाणीपर्यंत विचार करूनही उमगलं नाही. आप्पा दारातच उभे होते. झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

"दोनीला न्हाय? मग ती कुणाला इचारून ऱ्हायली तिकडं?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"ती इचारायला कुठं गेलती? देवीला सांगून यायला गेलती," ती म्हणाली. "तिची ट्रंक मी गेल्या आठवड्यातच बेळगावला धाडलीया."