शिंपल्यातल्या जीवाची जात

वणीहून मारेगावला जाणाऱ्या एसटीत समुद्री जीवांवर संशोधन करणारी एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर समुद्रातला शिंपला, त्याला सगळीकडून बारीक भोकं. पलीकडच्या म्हाताऱ्या बाबांनी वाकून पाहिलं.

"पोरी, याले तं बोंडअळी लागली!"

ती खळखळून हसली. "अळी नाही बाबा, स्पंज आहे, समुद्रातला जीव. दात नाही, तोंड नाही, तरी शिंपला पोखरते."

"खाते काय?"

"खात नाही. आत राहाले घर करते."

मग तिनं मोबाइलवर त्या जीवाच्या अंगातल्या सुया दाखवल्या. केसाहून बारीक, काचेच्या, प्रत्येकीला टाचणीसारखं डोकं. मी थक्क झालो.

"जात कोणती?" बाबांनी विचारलं.

मी दचकलो. घरातला पहिला पदवीधर मी, पण शहरात भाड्यानं खोली शोधताना हाच प्रश्न आधी यायचा.

"तेच तं शोधून राह्यली मी. सुयांचं डोकं वेगळं निघालं तं नवीन जात. नाही तं सारी मेहनत जुन्याच जातीच्या नावावर." तिनं शिंपला उजेडाकडे धरला. "पण घाई नाही करत बाबा. आधी पुरतं पाहायचं, जात मंग सांगायची."

मी त्या भोकांकडे बघत राहिलो. माझ्याकडे आजवर कोणी या क्रमानं पाहिलं नव्हतं.