मेईसाठी विरजलेलं दही

हाँगकाँग सोडलं तेव्हा दारात मेई उभी होती, हातात स्ट्रॉबेरी दह्याचा डबा. ती आमची शेजारीण, शाळेत इतिहास शिकवायची. नवरा दौऱ्यावर निघाला की मी त्याच्या हातावर दही घालते, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो, हे तिनं कितीदा पाहिलं होतं. मला दही कोण घालणार, म्हणून ती आली होती. पुण्याहून निघताना आईनं दही घातलं तेव्हा मी रडले नव्हते. ते गुलाबी दही चाटताना मात्र रडले.

आता आम्ही सिंगापूरला, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये. नवऱ्याच्या नोकरीच्या पासची मुदत असेल तोवर आमचा मुक्काम. तिकडे मेई मेसेजमध्ये हळूहळू फक्त हवामानाबद्दल लिहायला लागली. मग दूरच्या एका देशाच्या संसदेनं कायदा केला: हाँगकाँगचं स्वातंत्र्य गेलंय, तिथल्या लोकांनी आमच्याकडे येऊन राहावं. पुण्यात राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळेच म्हणालात, किती छान! मला मेलीला पटेना. बाबा कोर्टात कारकून. "कोण देतंय ते नंतर बघ, काढून कोण घेऊ शकतं ते आधी बघ," म्हणायचे. उद्या तिथलं सरकार बदललं तर? पन्नास वर्षं काही बदलणार नाही, असा शब्द तर मेईच्या शहरालाही दिलेला होताच की.

गेल्या महिन्यात ती त्या देशाला जाता जाता आमच्याकडे उतरली. मी खिडक्या लावल्या, फोन आतल्या खोलीत ठेवले.

"आई, व्हाय यू व्हिस्पर? नोबडी लिसनिंग, लाह," लेक म्हणाली. आम्ही दोघीही हसलो नाही.

"त्या लोकांवर विश्वास आहे तुझा?" मी विचारलं.

"नाही," मेई म्हणाली. "पण वर्गात मी काय बोलले याची तक्रार कुणी केली, हे मला अजून कळलेलं नाही. तिथे निदान विश्वास नाही असं मोठ्यानं म्हणता येईल."

ती निघताना मी घरी विरजलेलं दही चमच्यात घेतलं. तिनं हात मागे घेतला.

"नको. तुमचं दही लागू पडतं. मी परत गेले तर विमानतळावरच धरतील."

"तिकडे नाही गं, इथे परत ये."

"आणि तुमचा पास संपला तर?"

चमच्यातलं दही पायावर सांडलं. मी चमचा पुन्हा भरला.

"मग मी असेन तिथे ये," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. मग तळहात पुढे केला.