यजमानाची खुर्ची

ऑगस्टच्या सुरुवातीला डॉक्टरांनी ऑल्डन टिबेट्सचं तोंड बंद केलं, तेव्हा पेल्टन हार्बरमधल्या निम्म्या लोकांनी त्या डॉक्टरांना मनातल्या मनात दुवा दिला. घशातल्या गाठी काढल्या होत्या. जखम भरेपर्यंत बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. ऑल्डन मूळचा होड्या बांधणारा. तो रंधा मारताना बोलायचा, जेवताना बोलायचा, आणि त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या, म्हणण्याप्रमाणे झोपेतही गिऱ्हाइकाला होडी विकायचा. आता गळ्यात पाटी आणि खिशात खडू घेऊन तो गावभर फिरू लागला, आणि किराणा दुकानात लोक मुद्दाम त्याला लांबलचक उत्तरांचे प्रश्न विचारू लागले.

गावाची करमणूक झाली, पंचाईत मात्र व्हर्नाची झाली.

टेकडीवरचं कूम्ब्स हाऊस ही दोघं मिळून चालवत. रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. घर दोनशे वर्षांचं, लाकडी, पांढरंशुभ्र. पाहुण्यांसाठी पाच खोल्या, आणि खिडक्यांना अजून जुनीच काच, जिच्यातून बाहेरचा समुद्र थोडा वाकडा दिसतो. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती: स्वयंपाकघर व्हर्नाचं, टेबल ऑल्डनचं. साडेआठला सगळे पाहुणे एकाच लांब टेबलाशी बसत. टोकाच्या उंच पाठीच्या खुर्चीत ऑल्डन बसे आणि व्हर्नाचे पॉपओव्हर फुगेपर्यंत घराची गोष्ट सांगे. पॉपओव्हर म्हणजे अंडी, दूध आणि मैद्याचे, आतून पोकळ, वरून टोपीसारखे फुललेले. घाई करून मध्येच ओव्हनचं दार उघडलं की ते धपकन बसतात. तेवढा वेळ भुकेल्या माणसांना खुर्चीत खिळवून ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

ऑल्डन खिळवायचा. हे घर बांधणारा कॅप्टन कूम्ब्स कसा वादळात सापडला आणि त्याची बायको छपरावरच्या कठड्याशी उभी राहून कशी वाट बघत राहिली, ही ती गोष्ट. दरवर्षी वादळ जरा मोठं होई. सुरुवातीला लाट डेकवर आली होती, यंदा ती डोलकाठीवरून पलीकडे गेली होती. भिंतीआडून अंडी फेटता फेटता व्हर्ना म्हणे, "अजून थोडी वर्षं थांबा, हा कॅप्टनला चंद्रावर नेऊन आपटणार आहे."

ती स्वतः मात्र त्या टेबलाशी कधी बसली नाही. "मला कामं आहेत," म्हणायची. कामं होतीच. पण खरं कारण तिच्या मावसबहिणीला, रॉक्सीला, तेवढं माहीत होतं. रॉक्सी उन्हाळ्यात खोल्या आवरायला यायची आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"तुझी आई नाही बसली म्हणून तू बसत नाहीस," रॉक्सी म्हणायची. "घर घेतलंस, छप्पर घातलंस, अजून मागच्याच दारानं येतेस-जातेस. घराची मालकीण की भाडेकरू?"

"मागचं दार गाडीला जवळ पडतं."

"हो ना. आणि पुढच्या दाराला कुत्रं बांधलंय."

व्हर्नाच्या लहानपणी हे घर लॉरिंग कुटुंबाचं होतं. उन्हाळी लोक. जूनमध्ये बॉस्टनहून ट्रंका घेऊन येत, सप्टेंबरात जात. व्हर्नाची आई त्यांची स्वयंपाकीण. ती पहाटे टेकडी चढे, दिवेलागणीला उतरे. छोटी व्हर्ना मागच्या पायरीवर वाटाणे सोलत बसे. स्वयंपाकघराच्या आत यायची तिला परवानगी होती, झुलत्या दाराच्या पलीकडे मात्र नाही. त्या दारापलीकडून हसण्याचे, काट्याचमच्यांचे आवाज येत, आणि आई ताटं घेऊन जाई, रिकामी घेऊन येई.

मग लॉरिंग मंडळींचं येणं बंद झालं आणि घर ओस पडलं. माळ्यावर समुद्रपक्ष्यांनी संसार थाटले, पुढचा व्हरांडा गुडघे टेकलेल्या घोड्यासारखा झुकला. कोणी हात लावायला तयार नव्हतं तेव्हा ह्या दोघांनी ते घेतलं. गाव म्हणालं, वेड लागलंय. ऑल्डनने खालचे कुजलेले वासे एकेक करून बदलले. व्हर्नाने जिन्याच्या कठड्यावरचे रंगाचे थर खरवडले, दोन हिवाळे, बोटांना चिरा पडेपर्यंत, आणि खाली लालसर चेरीचं लाकूड निघालं तेव्हा ती पायरीवर बसून रडली. आज त्या कठड्यावरून हात फिरवल्याशिवाय एकही पाहुणा वर जात नाही. व्हर्ना ते चोरून बघते आणि तिची छाती फुगते. का फुगू नये? ह्या घराची एकही खिडकी, एकही चादर, एकही दाराची कडी अशी नाही जी तिच्या हाताखालून गेलेली नाही.

आणि नेमकं ह्याच ऑगस्टात, ऑल्डन मुका असताना, लॉरिंग येणार होते.

आरक्षण हिवाळ्यातच झालं होतं. कुठल्याशा सुनेने सासूच्या पंच्याहत्तरीसाठी सगळं घर मागितलं होतं. तिचं आडनाव वेगळं, त्यामुळे व्हर्नाला पत्ता लागला नाही. मग आदल्या आठवड्यात सुनेने सहज फोनवर सांगितलं, "आईंचं लहानपण ह्याच घरात गेलं. कॉन्स्टन्स लॉरिंग. तुम्ही नाव ऐकलं असेल."

व्हर्नाने फोन ठेवला. कॉन्स्टन्स. निळ्या फ्रॉकातली, रेशमी रिबिनीची.

"आजारी आहे म्हणून सांग," रॉक्सी म्हणाली. "ऑल्डन खरंच आजारी आहे. खोटंही होणार नाही."

"ह्या घरातून आलेलं माणूस आम्ही कधी परत पाठवलेलं नाही."

"मग टेबलाशी कोण बसणार? पाटी?"

ऑल्डनने पाटीवर लिहिलं: तू बस.

"मी नाही. मी त्यांच्यापुढे जाऊन बसायचं आणि त्या बाईने म्हणायचं, अरेच्चा, ही तर स्वयंपाकिणीची पोर? नको रे बाबा. त्यांनी न्याहारी करावी, मजा करावी, जावं. त्यांना कळायलाच नको मी कोण ते."

ऑल्डनने पुसलं आणि पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात: घर तुझं आहे.

"ते मला माहीत आहे," व्हर्ना खेकसली. पण खरं म्हणजे, तेच तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं घाम गाळून घर आपलं झालं असं ती धरून चालली होती, आणि एका नावासरशी ती पुन्हा वाटाणे सोलत मागच्या पायरीवर जाऊन बसली होती. ह्याचाच तिला संताप येत होता.

मंडळी शनिवारी आली. आठ जण. कॉन्स्टन्सबाई उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या, काठी टेकत पण ताठ. दारातच थांबल्या, भरल्या डोळ्यांनी वर बघत राहिल्या. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हा पांढरा होता ना?"

"रंगाखाली चेरी होती," व्हर्ना म्हणाली. "कोणी बघितलं नव्हतं."

"किती सुंदर केलंत तुम्ही सगळं."

बाई मनापासून बोलल्या होत्या. व्हर्नाने "किल्ल्या इथे आहेत" म्हणून विषय संपवला आणि मागच्या बाजूला सटकली.

रविवारी साडेआठला पाहुणे खाली उतरले. व्हर्नाने टेबल नेहमीसारखं मांडलं होतं: रानातल्या ब्लूबेरीची वाडगी, लोणी, मुरंबा, आणि टोकाच्या खुर्चीपुढे यजमानाचं ताट. तिथे कोण बसणार हे ठरलेलं नसताना हाताने सवयीनं मांडून टाकलं होतं. ती झुलत्या दारामागे उभी राहून कॉफीचं भांडं भरत होती. ऑल्डन ओव्हनपाशी पहारा देत होता. रॉक्सी फळं चिरत होती.

आणि घंटी वाजली.

स्वयंपाकघराच्या दारावर पितळेची जुनी घंटी होती. तिची तार भिंतीतून जाऊन जेवणघरात सतरंजीखालच्या एका बटणाला जोडलेली. यजमानाने खुर्चीत बसल्या बसल्या पायाने बटण दाबायचं की आत नोकराला कळतं. घर दुरुस्त करताना ऑल्डनने ती हौसेनं चालू केली होती. जुनं ते सगळं जपायचं हा त्याचा हट्ट. व्हर्ना म्हणाली होती, तार काप. त्याने कापली नाही, पण पाहुण्यांपुढे कधी वाजवलीही नाही.

घंटी वाजली आणि व्हर्नाचे पाय चालू लागले. तिने विचार केला नाही. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, दार ढकललं, टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय आणू?"

तिच्या आईचा आवाज. तिच्या आईचीच मान, किंचित पुढे झुकलेली.

टोकाच्या खुर्चीत कॉन्स्टन्सबाई बसल्या होत्या, लहान मुलीसारख्या हरखून. "अजून वाजते! पाय आपोआप गेला बघा. बाबा इथे बसायचे, मी त्यांच्या मांडीवरून हळूच पाय खाली सोडून वाजवायचे, आणि डॉट बिचारी पळत यायची. अशीच! अगदी अशीच!"

टेबलभर हशा पिकला. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरीही ती म्हणाली, "कॉफी आणते," आणि आत परतली.

आत रॉक्सी सुरी धरून उभी होती. पातळ दारातून तिने सगळं ऐकलं होतं. "गेलीस? घंटी वाजली आणि गेलीस?"

"गेले."

"माझी मावशी त्या घंटीपायी उभ्या उभ्या जेवायची, व्हर्ना."

"मला सांगतेस? मी बघत होते."

ऑल्डनने पाटी बाजूला ठेवली. त्याने फक्त तिच्या पाठीमागे जाऊन तिच्या एप्रनची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, त्याच्या जाड बोटांना वेळ लागला. एप्रन निघाला तसा व्हर्नाने केसांवरून हात फिरवला.

"फुगले की तुम्ही दोघं घेऊन या," ती म्हणाली. "आणि ऑल्डन, दार उघडून बघू नकोस. बसले तर तुझा घसा मी पुन्हा कापीन."

झुलत्या दाराने ती गेली नाही. मागच्या बोळातून फिरून पुढच्या दिवाणखान्यात आली, जेवणघराच्या मोठ्या दोन फळ्यांच्या दाराने आत शिरली आणि सरळ टोकाच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"ही खुर्ची ह्या घरात यजमानाची असते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझा नवरा बसतो. तो आजारी आहे, म्हणून आज मी बसणार."

हसणं थांबलं. कॉन्स्टन्सबाई गोंधळल्या, मग लाल झाल्या. मुलगा काही बोलणार तोच त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं, काठी टेकून उठल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. "चुकलं माझं. अजून मला हे घर आमचंच वाटतं."

"वाटणारच. पण ते आमचं आहे."

व्हर्ना बसली. उंच पाठ तिच्या पाठीला लागली. समोर आठ अनोळखी चेहरे, भुकेले आणि अवघडलेले, आणि ओव्हनमध्ये अजून बराच वेळ बाकी. गोष्ट सांगायची तर कॅप्टनची सांगावी लागणार. तिने तोंड उघडलं.

"हे घर कॅप्टन कूम्ब्सने बांधलं. तो एका वादळात सापडला. लाट किती उंच होती ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. मला जे माहीत आहे ते सांगते. तुम्ही जिला डॉट म्हणालात, तिचं नाव डोरोथिया बील. ती ह्याच टेकडीखाली राहायची. ती भर थंडीत समुद्रकाठी शिंपल्या खणायची आणि उन्हाळ्यात ह्या घरात वीस-वीस माणसांचं रांधायची. तिचे पॉपओव्हर कधी बसले नाहीत. आत चूल पेटलेली आणि बाहेर ऊन, तरी तिच्या कॉलरला डाग नसायचा. घरी आली की आम्हाला सांगायची, त्या घराच्या जिन्याचा कठडा चांगल्या लाकडाचा आहे, रंग लावून मूर्खांनी वाया घालवलाय. म्हणून मी खरवडलं. नाहीतर मला काय माहीत होतं? ती माझी आई."

 कॉन्स्टन्सबाई पुढे झुकून तिच्याकडे बघू लागल्या.

"मागच्या पायरीवरची," त्या म्हणाल्या. "वाटाणे सोलायचीस. मला तुझ्याशी खेळायचं होतं. मला सांगायचे, तिला कामं आहेत."

"होतीच कामं."

"डॉट... डोरोथिया ह्या टेबलाशी कधी बसली नाही ना?"

"नाही. तिला कोणी बस म्हणालं नाही."

"मीही नाही म्हणाले."

"तुम्ही लहान होतात," व्हर्ना म्हणाली. आणि ते खरं होतं, म्हणून तिला ते म्हणताना जड गेलं नाही. "मी लहान नाही. म्हणून मी बसले."

तेवढ्यात दार ढकलून रॉक्सी आणि ऑल्डन आले, हातात टोपल्या, टोपल्यांत पॉपओव्हर, सोनेरी, फुगलेले, एकही न बसलेला. टोपली कोणापुढे आधी धरावी ह्यावर ऑल्डन क्षणभर अडखळला. रीतीप्रमाणे पाहुण्यांपुढे, वयाने मोठे असतील त्यांच्यापुढे. तो कॉन्स्टन्सबाईंकडे वळला. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि टोपली हाताने व्हर्नाकडे सरकवली.

व्हर्नाने नको म्हटलं नाही. तिने एक उचलला, तोडला, आतली वाफ तोंडावर येऊ दिली, लोणी लावलं, आणि सगळे बघत असताना बसून खाल्ला.