वहिनी ‘कन्फर्म’ म्हणेनात

गेल्या मंगळवारी सकाळी कडावला आमच्या घरी जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितेय...

मी पायलट आहे. म्हणजे लायसन्स आहे, युनिफॉर्म कपाटात आहे, पण गेले सतरा महिने विमान नाही. इंजिनं दुरुस्तीत अडकली, कंपनीची बरीच विमानं जमिनीवर उभी राहिली आणि आम्हा ज्युनिअर लोकांना बिनपगारी रजेवर पाठवलं. ‘परिस्थिती सुधारली की बोलावू’ असा मेल आला... नंतरही अधूनमधून तोच मेल येत राहिला.

पहिले काही महिने मुंबईत भाड्याच्या खोलीत काढले. मग एक दिवस दादा गाडी घेऊन आला, सामान भरलं आणि मला घरी घेऊन आला. वाटेत त्याने एक शब्द विचारला नाही.

उडणं थांबलं की आधी हात विसरतात. पुस्तकातलं डोक्यात राहतं, पण कुठल्या क्षणी हात कुठे जायला हवा, ते निसटायला लागतं. म्हणून कर्जतच्या फ्लेक्सवाल्याकडून कॉकपिटचा फोटो खऱ्या आकारात छापून घेतला. तो बिचारा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मॅडम, यात भाऊंचा फोटो कुठं टाकायचा?”

तो फ्लेक्स दूध संकलनाच्या खोलीत लावला. खोली आमच्या घराला लागूनच आहे. गावातलं दूध तिथे येतं आणि ते सगळं काम वहिनी बघतात. दादाने जुन्या खुरप्यांचे दोन दांडे फळीवर बसवून दिले. इंजिन एक, इंजिन दोन. पुढे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.

आमच्या कामात एकाने करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं असतं. दादा खालापूरला कंपनीत पाळ्या करतो, त्याला वेळ नाही. म्हणून दुसऱ्या खुर्चीत वहिनी बसू लागल्या.

वहिनींचं माहेर चौक गावचं, शिक्षण दहावी. चेकलिस्टमधले इंग्रजी शब्द मी त्यांना देवनागरीत लिहून दिले. सकाळचं दूध टेंपोत चढलं, कॅन धुऊन पालथे घातले की त्या हात पुसत यायच्या. “हं वन्सं, बोला.”

खरं सांगायचं तर मला वाटायचं, त्या माझं मन राखायला बसतात...

मंगळवारच्या आठवडाभर आधी कंपनीचा मेल आला. सिम्युलेटर चेकला या. पास होतील त्यांची यादी करणार आणि जमेल तसं त्यातल्या काही जणांना परत घेणार. तेव्हापासून माझी झोप उडाली. जेवण जाईना.

मंगळवारी आम्ही इंजिनच्या आगीचा सराव करत होतो. यात आग कुठल्या इंजिनला लागली ते मोठ्याने म्हणायचं, त्याच्या लिव्हरवर हात ठेवायचा आणि थांबायचं. शेजारच्याने बघून ‘कन्फर्म’ म्हटलं की मगच तो मागे ओढून इंजिन बंद करायचं. कारण एकाला आग लागलेली असताना चुकून दुसरं, चांगलं इंजिन बंद केलं तर...

हे आम्ही इतक्यांदा केलं होतं की मी त्यात नव्हतेच. “इंजिन दोन, आग,” म्हटलं आणि दांड्यावर हात ठेवला.

वहिनी गप्प.

“वहिनी, कन्फर्म म्हणा ना.”

“नाय म्हणत.”

मी वैतागले. “अहो, तिथे इतका वेळ नसतो. म्हणा पटकन.”

त्यांनी माझं मनगट धरलं. “वन्सं, तुमी दोन म्हणालात. हात एकावर हाय.”

मी खाली पाहिलं. हात एकावरच होता.

सिम्युलेटरमध्ये हे झालं असतं तर तिथेच नापास. खऱ्या विमानात झालं असतं तर काय, ते मला लिहवत नाही.

जरा सावरल्यावर मी विचारलं, “तुम्ही दर वेळी बघता? रोज?”

“मंग?” त्यांना माझा प्रश्नच कळेना. मग म्हणाल्या, “आमच्या बाबांचं गॅरेज होतं ना हायवेला. एकदा त्यांनी इंजिनात हात घालताना विचारलं, बंद हाय ना रं? आत बसला होता त्यानं बघितलंच नाय, नुसतं हो म्हणाला. दोन बोटं गेली बाबांची. तुमच्या मागं तर शे-दीडशे माणसं बसतात, वन्सं. मी उगाच कसं हो म्हणू?”

दुधाच्या वासाच्या त्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्यांच्यासाठी ती माणसं रोज मागे बसलेली होती. आणि माझ्या विमानात गेले काही दिवस फक्त मी उरले होते... माझी नोकरी, माझी यादी, माझं नाव.

त्या दिवशी पुढचा सराव मी केला नाही. वहिनी उठून कामाला लागल्या. मी मात्र तिथेच बसून राहिले, त्या सगळ्या न दिसणाऱ्या माणसांबरोबर.

शुक्रवारी चेक झाला. पास झाले. यादीत नाव आहे, पण बोलावणं महिन्यात येईल, वर्षाने येईल की येणारच नाही, हे कोणी सांगत नाही. माझ्या बॅचचे दोघे दुसरी नोकरी शोधतायत. त्यांना मी काय सांगणार...

मी मोठमोठ्या कॅप्टनच्या शेजारी बसलेय आणि त्यांच्याकडून पुष्कळ शिकलेय. वहिनींनी आजवर विमानात पाऊल ठेवलेलं नाही. पण माझ्या हाताकडे इतकं जिवापाड लक्ष देऊन कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही. पुन्हा कधी उडायला मिळालं, तर शेजारच्याच्या हाताकडे मला तसं पाहता यावं, एवढंच मागणं आहे.