वीतभर शिवण

मेणकाकांना तुम्ही किती ओळखत होतात, असं कुणी मला विचारलं तर मान खाली घालावी लागेल. सहा वर्षं मी त्यांच्या दुकानात रोज दोन-तीन तास बसलो. तरी त्यांना भावंडं किती, हे काम ते कुणाच्या हाताखाली शिकले, तरुणपणी कसे दिसत, यातलं मला काहीही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, परवा म्हणाल्या, "तुम्ही शेजारी बसायचात, तर चार ओळी तुम्हीच लिहा." मी टाळून पाहिलं. "मग काय पलीकडच्या गॅरेजवाल्याला सांगू? त्याला नुसती सही करताना घाम फुटतो," असं त्या म्हणाल्यावर माझा इलाज चालला नाही. जेवढं पाहिलं तेवढं लिहितो.

मेणकाका गाड्यांच्या चामडी सीटांच्या उसवलेल्या शिवणी हाताने शिवून देत. दोऱ्याला घासायचा मेणाचा गोळा ते कायम सदऱ्याच्या खिशात ठेवत. उन्हाळ्यात तो वितळे. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या छातीवर एक पिवळट गोल डाग होता, आणि त्या डागावरूनच त्यांना ते नाव पडलं होतं.

माझी ओळख झाली ती माझ्या जुन्या गाडीमुळे. ड्रायव्हरच्या सीटची कडेची शिवण उसवून आतला स्पंज डोकावत होता. दोन ठिकाणी मला सांगितलं की सगळी कव्हरं बदला. मेणकाका मात्र गाडीत शिरले, सीटवर हात फिरवला आणि मला म्हणाले, "मास्तर, उतरताना सगळा भार एकाच कुल्ल्यावर टाकता तुम्ही. कंबर धरते का?"

कंबर धरत होती. मी मास्तर नव्हतो, जन्मभर एका कचेरीत आवक टपालावर शिक्के मारले. पण चष्मा आणि काखेतलं वर्तमानपत्र पाहून त्यांनी ते ठरवून टाकलं होतं आणि मला ते दुरुस्त करायचा धीर झाला नाही. सहा वर्षं मी मास्तर राहिलो.

त्या दिवशी मी सीट शिवून होईपर्यंत बसलो, दुसऱ्या दिवशी उगाचच गेलो, आणि मग सवयच लागली. बसायला त्यांच्याकडे कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीची पुढची सीट होती, विटांवर टेकवलेली. तीत बसून मी शब्दकोडं सोडवी आणि मधूनमधून त्यांचे हात पाही.

त्यांचं काम असं चाले. आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं शिवणीवर ठेवून चामडं नरम करायचं. चिमट्याने जुन्या दोऱ्याचे तुकडे एकेक करून उपसायचे. आतून कापडाची पट्टी सरकवायची. मग वाकडी सुई घेऊन एका कडेच्या भोकातून आत, समोरच्या कडेच्या भोकातून बाहेर, असं शिडीच्या पायऱ्यांसारखं जायचं. सात-आठ टाके सैल सोडायचे आणि मग दोरा हळूच ओढायचा. फाटलेलं तोंड मिटून जाई, टाका दिसत नसे. मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल, पण दोरा ओढायची वेळ आली की माझं कोडं बाजूला पडे.

त्यांचा नियम एकच. जुन्या भोकांतूनच जायचं, चामड्याला नवं भोक पाडायचं नाही. "कापड भोक विसरतं, चामडं विसरत नाही. शेजारी दुसरं पाडलं की तिकिटासारखं फाटत जातं," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. त्यांचा अभिमानही एकच होता: त्यांनी शिवलेली शिवण पुन्हा उसवत नसे. दोरा तिहेरी, मेणात मुरवलेला. गिऱ्हाइकाला ते म्हणत, "चामडं आधी जाईल, टाका नाही जाणार."

वहिनी दुपारी डबा घेऊन येत आणि आल्या आल्या सुरुवात करत. "भावजी, यांना विचारा, घरातल्या सोफ्याचं पोट केव्हा शिवणार? आतला कापूस मांजर रोज थोडा थोडा घेऊन जातंय."

"त्याची भोकं बघतोय अजून," मेणकाका म्हणत.

"चार वर्षं?"

"सोफा जुना आहे. घाई केली तर बिघडेल."

"ऐकलंत? लग्नाच्या वेळीही असेच भोकं बघत बसले होते. माझ्या बापाने अंगठी बोटात कोंबली म्हणून झालं."

मेणकाका तोंडात दोरा धरून हसत. तोंडात दोरा असला की त्यांना उत्तर द्यावं लागत नसे. मला वाटतं, वहिनी आल्या की ते मुद्दामच तोंडात दोरा धरत.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

गेल्या वर्षी एका सकाळी पलीकडचा गॅरेजवाला एक सीट घेऊन आला. अपघातात सापडलेल्या नव्या गाडीची होती. तिची दाराकडची शिवण वरपासून खालपर्यंत उघडली होती.

"काका, बघा तुमच्या कामाची आहे का."

मेणकाकांनी सीट मांडीवर घेतली. चामड्याला कुठे ओरखडा नव्हता, फक्त दोरा एका रेषेत तुटला होता. त्यांनी दोऱ्याचा तुकडा नखावर घेऊन ओढला, तर तो पटकन तुटला.

"कुणी शिवलंय हे? हा दोरा आहे की कोळ्याचं जाळं?"

गॅरेजवाला हसला. "काका, तो मुद्दाम कच्चा घालतात. या कुशीत एअरबॅग असते. बाजूने धडक बसली की शिवण फाडून फुगा बाहेर येतो आणि माणसाच्या बरगड्या वाचतात. हा गाडीवाला त्यानेच वाचला. ही बघा, शिवणीत पट्टीही असते."

त्याने बोट ठेवलं तिथे नखाएवढी कापडी पट्टी होती, तीवर इंग्रजी अक्षरं.

"आणि शिवण फाटली नाही तर?" मेणकाकांनी विचारलं.

"मग काय, फुगा अडकणार. नाहीतर भलतीकडूनच निघणार."

गॅरेजवाला सीट घेऊन गेला. मेणकाकांनी सुई डबीत ठेवली आणि डबी बंद केली. सकाळी अकरा वाजता त्यांची डबी बंद झालेली मी कधी पाहिली नव्हती.

मग ते म्हणाले, "मास्तर, अशी पट्टी मी हातात घेतलीय. महिना झाला. मला वाटलं कंपनीचं नाव असेल. वाकडी बसली होती, सरळ करून शिवली."

"तिहेरी दोऱ्याने?"

"तिहेरी," ते म्हणाले.

त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक जुन्या असत. अशी एकच, हे त्यांनी दिवसभर आठवून आठवून नक्की केलं. राखाडी सीट, ड्रायव्हरची, वीतभर शिवण. पण गाडी कुणाची? ते वही ठेवत नसत, फोन नंबर घेत नसत. सकाळी गाडी आली, संध्याकाळी गेली. एक बाई होती, घाईत होती, एवढंच. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. मी त्या दिवशी तिथेच बसलो होतो, आणि मला फक्त त्या दिवशीचं अडलेलं कोडं आठवत होतं. याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ते दारातच उभे होते. "त्या चामड्यावर पांढरे डाग होते. वाळून कडक झालं होतं, आणि वास येत होता. पाण्याच्या टाकीत औषध टाकतात ना, त्याचा. ओल्या अंगाने गाडीत बसणारी बाई आहे, मास्तर. रोज."

"पोहायला जाणारी?"

"तलाव किती आहेत आपल्याकडे?"

तलाव चार होते. प्रत्येक ठिकाणी फळ्यावर लावायला चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'राखाडी सीट शिवून घेतलेल्या भगिनींना नम्र विनंती की, त्यांनी सवडीने आमच्या दुकानी यावे.' मेणकाकांनी वाचायला लावलं आणि कपाळावर हात मारला.

"सवडीने? बारशाचं आमंत्रण आहे का हे? तिने गाडी चालवू नये असं लिहा. शिवणाऱ्याची चूक आहे असं लिहा."

"चूक असं कसं लिहू? लोक वाचतील."

"वाचण्यासाठीच लावतोय ना?"

मी तसं लिहिलं. चार प्रती काढल्या. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही बसने निघालो.

पहिला तलाव त्या दिवसापुरता सफाईसाठी रिकामा होता. फळ्यावर चिठ्ठी लावून पुढे निघालो. दुसऱ्या ठिकाणच्या पहारेकऱ्याने आम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "आजोबांची वेळ सकाळी सहाची. चड्डी आणि टोपी घरून आणायची." मला अनोळखी माणसाशी बोलताना शब्द सापडत नाहीत. मी चिठ्ठी पुढे केली. ती वाचून तो उभा राहिला आणि त्याने स्वतः ती चिकटवली. त्याच्या पाळीत तशी बाई येत नव्हती.

त्या दिवशी तेवढंच झालं. पुढचे दोन दिवस आम्ही त्याच दोन तलावांवर सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारल्या. तिसरा तलाव गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, म्हणून तो मागे राहिला होता. चौथ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. बसथांब्यापासून अर्धा तास चालावं लागलं. मेणकाका वाटेत एकदाच बोलले. समोरून दोन गाड्या हॉर्न वाजवत चौकात घुसल्या, तेव्हा ते थबकले आणि म्हणाले, "कशी चालवतात हो." मग त्यांनी पावलं उचलली. त्यांच्या बरोबरीने चालताना मला धाप लागली.

तलावाबाहेर वीसेक गाड्या उभ्या होत्या. मेणकाका प्रत्येक गाडीच्या काचेला नाक लावून आत बघत पुढे सरकू लागले. रखवालदार ओरडत आला.

"ओ बाबा! काय शोधताय?"

"माझे टाके," मेणकाका म्हणाले, आणि नवव्या गाडीपाशी थांबले. आतल्या राखाडी सीटवर तेच पांढरे डाग होते.

ती गाडी तिथे पोहायला शिकवणाऱ्या बाईंची होती. गळ्यात शिट्टी, केस ओले. रखवालदाराने बोलावल्यावर धावतच आल्या. मेणकाकांना पाहून हसल्या. "काका, तुम्ही? अहो, शिवण काय सुंदर झालीय! कुणाला दाखवली तर सापडत नाही."

"ती उसवायला आलोय."

"का?"

त्यांनी सांगितलं. मला भीती होती की ते अडखळतील, पण ते अगदी सरळ बोलले. पट्टी पाहिली होती, अर्थ कळला नाही, कुणाला विचारलं नाही. बाईंचं हसू गेलं.

"म्हणजे महिनाभर मी... अहो, रोज हमरस्त्यावरून येते मी!"

"हो."

"शिवायच्या आधी विचारायचं ना कुणाला तरी!"

"विचारायला हवं होतं, ताई."

मेणकाकांची बाजू घेऊन काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. पण मी नुसताच त्यांची पिशवी धरून उभा राहिलो.

बाईंनी दार उघडून दिलं आणि कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला. मेणकाका दाराशी उकिडवे बसले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आपलीच शिवण पहिल्यांदा पाहत असल्यासारखी बोटाने चाचपली. गाठ इतकी आत दडवली होती की त्यांनाही सापडायला वेळ लागला. मग एकेक टाका चिमट्याने उचलायचा, कापायचा, दोरा भोकातून अलगद काढायचा, असं सुरू झालं.

"काका, ते म्हणतात गाडी आणू नका, माणूस पाठवतो. सगळं कव्हरच नवीन घालणार आहेत," बाई फोन ठेवत म्हणाल्या. "तुम्ही सरळ कापून टाका ना मधोमध."

"होतच आलंय."

त्यांनी सरळ कापलं नाही. फेकून द्यायच्या चामड्याचं एकही भोक त्यांनी ताणू दिलं नाही. शेवटचा टाका निघाला आणि सीटची कूस पुन्हा उघडी पडली, तेव्हा त्यांनी दोऱ्याचे तुकडे गोळा करून रुमालात बांधले. बाईंचा राग तोवर उतरला होता. त्या आतून दोन खुर्च्या घेऊन आल्या, चहा आणला. वर्कशॉपचा माणूस येईपर्यंत मेणकाका खुर्ची दाराला टेकवूनच बसले. त्याने शिवण पाहिली, मान डोलावली आणि म्हणाला, "बरं झालं काढलीत." ते ऐकल्यावर मेणकाकांनी चहा प्यायला. गार झालेला सगळा चहा त्यांनी एका घोटात संपवला.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे घेऊन गेली. सात आठवड्यांनी परतलो तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं. वहिनींनी सांगितलं, दुपारी जेवून जरा पडले ते उठले नाहीत. त्याआधी महिनाभर काम नेहमीसारखं चालू होतं. कुठलीही नवी सीट आली की ते आधी तिची कूस चाचपत आणि गॅरेजवाल्याला हाक मारत. तो वैतागे, पण येई.

म्हणून त्या संध्याकाळचंच बोलणं शेवटचं. बस आमच्या चौकात थांबली. मी आधी उतरलो, ते मागून कठडा धरत उतरले. मी त्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"पाय फार चालले आज," ते म्हणाले. "घरी गेल्यावर गरम पाण्यात बुडवून बसा, मास्तर."

"तुम्हीही बसा."

"मी बसतो हो. मीठ घाला पाण्यात."

"बरं," मी म्हणालो.